झिप करण्याआधी: फोल्डरमध्ये न दिसणाऱ्या फायलींचं काय करायचं

दिवाळी अंकांची गडबड सुरू झाली की पुण्याच्या नारायण-सदाशिव पेठेतली डीटीपीवाली (संगणकावर पानं मांडणारी) मंडळी आणि धायरी, पर्वतीकडचे छापखाने यांच्यात एक ठरलेलं संभाषण होतं. डिझाइन करणारी मॅकवर, प्रेसमध्ये विंडोज. तिने अंकाचा फोल्डर झिप करून, म्हणजे दाबून एकाच फाइलमध्ये बांधून, पाठवलेला असतो. थोड्या वेळात फोन वाजतो.

"मॅडम, फोटो सगळे दोन-दोनदा आलेत. त्यातला एक सेट उघडतच नाहीये."

"दोनदा कसे येतील? एकदाच टाकलेत मी."

"अहो, माझ्यासमोर आहे ना. मॅकओएसएक्स म्हणून एक फोल्डर आहे, त्यात सगळी नावं परत आहेत. प्रत्येकाच्या आधी डॉट आणि अंडरस्कोर. उघडायला गेलं की फाइल खराब आहे म्हणतंय. व्हायरस-बियरस नाही ना?"

"दादा, माझ्याकडे असा फोल्डरच नाहीये."

दोघंही खरं बोलतायत. तो फोल्डर तिच्या मॅकवर कुठेच नाही, तो झिप होताना तयार झाला. तिने खात्री करायला आपली झिप आपल्याच मॅकवर उघडली तरी तो दिसणार नाही, कारण उघडताना मॅक त्यातली माहिती ज्याच्या त्याच्या फाइलला परत चिकटवतो आणि फोल्डर नाहीसा करतो. पाठवणाऱ्याला कधीच दिसत नाही, घेणाऱ्याला हमखास दिसतं, अशी ही भानगड आहे. म्हणून तर ती वर्षानुवर्षं चालू राहते.

छापखाना हे एक उदाहरण झालं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट कॉलेजच्या पोर्टलवर चढवणारी मुलं, वर्डप्रेसची थीम होस्टिंगवर टाकणारे, ई-बुक तयार करणारे प्रकाशक, सगळ्यांनाच हा अनुभव कधी ना कधी येतो. मुळात समजून घ्यायचं ते इतकंच, की फोल्डर उघडल्यावर स्क्रीनवर जे दिसतं ती गाळून दाखवलेली यादी असते. झिप करणारा प्रोग्रॅम सहसा त्या यादीकडे बघत नाही. तो डिस्कवर जे आहे ते उचलतो, आणि मॅकचा असेल तर वर स्वतःची भरही घालतो.

कचरा एक नाही, दोन प्रकारचा

पहिला प्रकार म्हणजे डीएस स्टोअर. पूर्ण नावात सुरुवातीला डॉट, मग डीएस, मग अंडरस्कोर, मग स्टोअर. नावाची सुरुवात डॉटने झाली की फाइल लपवायची, हा युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा जुना रिवाज. मॅकचा पाया युनिक्सचा असल्यामुळे तोही तो पाळतो. डीएस म्हणजे डेस्कटॉप सर्व्हिसेस. फोल्डरमध्ये आयकॉन कुठे ठेवलेत, यादी दाखवायची की चित्रं, मागचा रंग कुठला, असल्या गोष्टी फाइंडर, म्हणजे मॅकवर फोल्डर दाखवणारा प्रोग्रॅम, या फाइलमध्ये लिहून ठेवतो. साधारणपणे ती ६,१४८ बाइटची असते. आकाराने काहीच नाही, पण प्रत्येक उपफोल्डरमध्ये वेगळी असू शकते.

ती निरुपद्रवी आहे असं सगळे म्हणतात. बऱ्याच अंशी खरंही आहे. फक्त एक लक्षात ठेवा: आयकॉनची जागा लिहायची तर फाइलचं नाव लिहावं लागतं. त्यामुळे डीएस स्टोअरमध्ये त्या फोल्डरमधल्या फायलींची नावं असतात, आणि नंतर हलवलेल्या किंवा उडवलेल्या फायलींची नावंही कधीकधी रेंगाळतात. तुम्ही पाठवण्याआधी 'कोटेशन जुनं कमी दराचं' ही फाइल काढून टाकलीत, तरी ते नाव आत राहिलेलं असू शकतं. वेबसाइटच्या सर्व्हरवर ही फाइल चढली तर मामला जास्त गंभीर होतो. बाहेरचा कुणीही ती मागवून आतली नावं वाचू शकतो आणि ज्या फाइलची लिंक तुम्ही कुठेच दिली नाही तिथेही पोचू शकतो.

दुसरा प्रकार तो प्रेसवाल्या दादांचा: दोन अंडरस्कोर आणि पुढे मॅकओएसएक्स. ही गोष्ट १९८४ पासूनची आहे. पहिल्या मॅकिंटॉशमध्ये ॲपलने एका फाइलचे दोन भाग केले. एकात मजकूर, म्हणजे डेटा फोर्क. दुसऱ्यात आयकॉन, फॉन्ट, खिडक्यांचे आराखडे असला सरंजाम, म्हणजे रिसोर्स फोर्क. मॅकवर दोन्ही मिळून एकच फाइल दिसते. बाकीच्या जगात फाइलला असा दुसरा भाग नव्हता. मग मॅकबाहेर फाइल नेताना दुसरा भाग कुठे ठेवायचा? यासाठी ॲपलने ॲपलडबल नावाची पद्धत काढली. मूळ फाइल तशीच, आणि तिच्या जोडीला डॉट-अंडरस्कोर लावलेली, त्याच नावाची दुसरी फाइल. फाइंडरमधून झिप केलं की या सगळ्या जोडीदार फायली एका वेगळ्या फोल्डरमध्ये जातात. तो हा मॅकओएसएक्स फोल्डर.

आता गंमत अशी, की जोडीदार फाइलचं नाव जेपीजीनेच संपतं, पण आत चित्र नसतं. म्हणून विंडोजला वाटतं हा फोटो आहे, आणि उघडायला गेल्यावर तो खराब निघतो. अशी एखादी फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. सुरुवातीच्या चार-दोन विचित्र चिन्हांनंतर रोमन अक्षरांत 'मॅक ओएस एक्स' असं स्वच्छ वाचता येतं.

डेटा सायन्स शिकणाऱ्या मुलांना हीच फाइल वेगळ्या वेशात भेटते. फोल्डरमधल्या सगळ्या सीएसव्ही (तक्त्यांच्या साध्या मजकूर-फायली) वाचणारी पायथॉनची स्क्रिप्ट अचानक यूटीएफ-८ची (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीची) चूक दाखवून थांबते, आणि चूक सांगणाऱ्या संदेशात पोझिशन ३७ असं लिहिलेलं असतं. मुलं आपल्या डेटात दोष शोधत बसतात. डेटा ठीक असतो. ॲपलडबलच्या फाइलमध्ये पहिले २६ बाइट शीर्षकाचे, मग पहिल्या नोंदीचे बारा: चार ओळखीचे, चार जागेचे, चार लांबीचे. शून्यापासून मोजलं तर लांबीचा शेवटचा बाइट बरोबर ३७व्या जागी येतो, आणि तो पुष्कळदा यूटीएफ-८मध्ये न बसणारा असतो. संदेशात ३७ दिसला की डेटा तपासण्याआधी फायलींची नावं तपासा.

त्या फोल्डरमध्ये नक्की असतं तरी काय

आजच्या मॅकवर रिसोर्स फोर्क फारसे उरलेले नाहीत. मग जोडीदार फायली अजूनही का बनतात? कारण त्यांची जागा एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट्सनी घेतली आहे, म्हणजे फाइलला बाहेरून चिकटवलेल्या चिठ्ठ्या. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलला 'ही बाहेरून आली आहे' अशी एक चिठ्ठी लागते, म्हणूनच पहिल्यांदा उघडताना मॅक विचारतो. दुसरी चिठ्ठी असते कुठल्या पत्त्यावरून उतरवली याची. तिसरी, तुम्ही दिलेल्या रंगीत टॅगची.

हे तिन्ही झिपबरोबर जातं. म्हणजे मुखपृष्ठासाठी वापरलेला फोटो कुठल्या साइटवरून घेतला, त्याचा पत्ता जोडीदार फाइलमध्ये असू शकतो. टॅगचं तर विचारूच नका. आपल्याकडे पुष्कळ डिझायनर ग्राहकांच्या फोल्डरला टॅग लावतात: काहींना 'तातडीचं', काहींना 'पैसे थकले'. तो टॅग ग्राहकाकडे पोचतोय हे त्यांच्या गावीही नसतं. ग्राहकाकडेही मॅक असेल तर फोल्डर उघडल्यावर टॅग आपोआप त्याच्या फाइंडरमध्ये दिसतो, शोधावासुद्धा लागत नाही.

म्हणून 'जागा वाचवायला झिप स्वच्छ करा' हा सल्ला मला पटत नाही. जागा वाचतच नाही, सगळा कचरा मिळून काही केबी असतो. घेणाऱ्याचा गोंधळ टाळणं आणि आपली खासगी माहिती आपल्यापाशी ठेवणं, ही दोन कारणं पुरेशी आहेत.

पासवर्ड टाकला की झालं, असंही काहींना वाटतं. नेहमीच्या झिपमध्ये पासवर्डने फाइलमधला मजकूर बंद होतो, नावं उघडीच राहतात. झिपची रचनाच तशी आहे. फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये ही पद्धत आणली तेव्हापासून सगळ्या नावांची यादी झिपच्या शेवटी वेगळी ठेवलेली असते. म्हणूनच दोन जीबीच्या झिपची यादीही क्षणात दिसते. सगळं उलगडावं लागत नाही. (झिप फाइल नोटपॅडमध्ये उघडली की पहिली दोन अक्षरं पी आणि के दिसतात, ती या कॅट्झसाहेबांची आद्याक्षरं.) नावंही झाकायची असतील तर सेव्हन-झिप या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या सेव्हन-झेड प्रकारात तशी सोय आहे.

मॅकवर स्वच्छ झिप

फाइंडरमध्ये राइट क्लिक करून येणाऱ्या कॉम्प्रेसमध्ये कुठलाही पर्याय मिळत नाही. टर्मिनल (आज्ञा टाइप करून द्यायची मॅकची खिडकी) वापरायचं नसेल तर केका हे ॲप घ्या. त्यात मॅकच्या खास फायली वगळण्याची खूण एकदा करून ठेवली की पुढे लक्ष द्यावं लागत नाही. बेटरझिपमध्येही तशी सोय आहे. रोजच्या कामाला एवढं पुरतं, आणि ज्यांना टर्मिनल म्हटलं की धडकी भरते त्यांनी पुढचा भाग खुशाल सोडावा.

टर्मिनलची रीत मात्र एकदा समजून घेण्यासारखी आहे, कारण नक्की काय चाललंय ते तिथेच कळतं. आज्ञा अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या; इथे मी फोनवर सांगावं तशा सांगतोय.

आधी योग्य जागी जा. सीडी टाइप करा, एक स्पेस द्या, आणि तुमचा 'अंक' फोल्डर ज्या फोल्डरमध्ये आहे तो फाइंडरमधून ओढून टर्मिनलच्या खिडकीत सोडा. पत्ता आपोआप उमटतो. एंटर. ही पायरी गाळून फोल्डरचा पूर्ण पत्ता झिपच्या आज्ञेत दिलात, तर झिपमध्येही तेवढेच फोल्डर एकात एक तयार होतात: यूजर्स, त्यात तुमचं लॉगिनचं नाव, त्यात डेस्कटॉप, आणि सगळ्यात आत बिचारा अंक.

आता मुख्य आज्ञा. झिप. स्पेस, डॅश आर. म्हणजे आतल्या फोल्डरांसकट. स्पेस, डॅश आणि कॅपिटल एक्स. म्हणजे यूजर क्रमांक वगैरे जादा माहिती घेऊ नको. स्पेस, नव्या झिपचं नाव, शेवटी डॉट झिप. स्पेस, फोल्डरचं नाव. मग डॅश आणि या वेळी स्मॉल एक्स. म्हणजे पुढे सांगतो ते वगळ. त्यापुढे दुहेरी अवतरणात एक तारा, डॉट, डीएस, अंडरस्कोर, स्टोअर. स्पेस, आणि पुन्हा अवतरणात तारा, तिरकी रेघ, डॉट, अंडरस्कोर, तारा. एंटर. डीएस ही दोन्ही अक्षरं आणि स्टोअरचं पहिलं अक्षर कॅपिटलच हवं.

मॅकओएसएक्स फोल्डर वगळायला का नाही सांगितला? कारण टर्मिनलमधली झिप तो बनवतच नाही, ते काम फाइंडरचं. मग डॉट-अंडरस्कोर वगळायची गरज काय? पेनड्राइव्हमुळे. विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालावा म्हणून पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा फॅट पद्धतीचा असतो. त्या पद्धतीत चिठ्ठ्या ठेवायला जागा नाही, म्हणून मॅक तिथे खरोखरच डॉट-अंडरस्कोरच्या फायली लिहून ठेवतो. पेनड्राइव्हवरच्या फोल्डरची झिप केली की त्या नेहमीच्या फायलींसारख्या आत जातात.

अवतरण चिन्हं शोभेची नाहीत. मॅकओएसच्या २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून टर्मिनलमध्ये झेडशेल असतं. शेल म्हणजे टाइप केलेली आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम. अवतरणाशिवाय तारा दिला तर झिपपर्यंत पोचण्याआधी शेल स्वतःच तशी नावं चालू फोल्डरमध्ये शोधतं, सापडली नाहीत की 'नो मॅचेस फाउंड' म्हणून हात वर करतं, आणि झिप बनतच नाही. अवतरणात घातलं की तारा जसाच्या तसा झिपकडे जातो.

आणखी एक जागा, जिथे जाणकारही फसतात. त्याच नावाची झिप आधीपासून तिथे असेल तर ही आज्ञा ती पुसून नवी करत नाही, जुन्यातच भर घालते. फाइंडरने बनवलेली 'अंक' नावाची झिप पडलेली असताना त्याच नावाने स्वच्छ झिप करायला गेलात, तर जुना कचरा आत तसाच राहील आणि तुम्हाला वाटेल आज्ञा चुकली. जुनी उडवा किंवा नवं नाव द्या.

आधीच बनलेली झिप साफ करायची असेल तर परत बनवण्याची गरज नाही. झिप, डॅश डी, झिपचं नाव, आणि अवतरणात काय उडवायचं ते: एकात दोन अंडरस्कोर मॅकओएसएक्स तिरकी रेघ तारा, दुसऱ्यात तारा डॉट डीएस स्टोअर. मोठ्या ईमेलला जोडलेली झिप दुसऱ्याकडून आली असेल आणि पुढे पाठवायची असेल तेव्हा हे फार उपयोगी पडतं.

पाठवण्याआधी अनझिप, डॅश आणि स्मॉल एल, झिपचं नाव. यादी येईल. ती वरपासून खालपर्यंत वाचा. फाइंडरमध्ये डबल क्लिक करून बघणं ही तपासणी नव्हे. ते का, हे सुरुवातीला आलंच आहे. रोज हे काम असेल तर ऑटोमेटरमध्ये याच आज्ञेची क्विक ॲक्शन करून ठेवा, म्हणजे राइट क्लिकच्या यादीत ती येऊन बसते.

कधी हात लावायचा नाही

स्वच्छतेचं वेड लागलं की माणूस सगळंच झाडून टाकतो. श्रीलिपी या मराठी टाइपिंगच्या सॉफ्टवेअरच्या काळापासून डीटीपी करणाऱ्या मंडळींकडे जुन्या कामांचे फोल्डर असतात आणि त्यात कधी जुने मॅकचे फॉन्टही असतात. मॅकवरच्या जुन्या टाइप वन (अडोबीचा जुना फॉन्ट-प्रकार) फॉन्टमध्ये अक्षरांचे आकार रिसोर्स फोर्कमध्ये असतात, डेटा फोर्क रिकामा. अशा फोल्डरची स्वच्छ झिप केली तर समोरच्याला शून्य बाइटच्या फायली मिळतात, नुसती नावं. इथे 'कचरा' म्हणून काढलेला भाग म्हणजेच आख्खा फॉन्ट. असं काम मॅककडून मॅककडे जात असेल तर फाइंडरचं साधं कॉम्प्रेसच वापरा. अडोबीने जानेवारी २०२३ मध्ये टाइप वनचा पाठिंबा थांबवला, त्यामुळे नव्या कामात हा प्रश्न उरलेला नाही. जुने अंक पुन्हा छापायचे निघाले की मात्र तो हटकून डोकं वर काढतो.

तसंच वेबसाइटचं. 'डॉटने सुरू होणारं सगळं वगळ' असा नियम लावला तर एचटीॲक्सेस नावाची फाइलही जाते, कारण तिचंही नाव डॉटने सुरू होतं. अपाचे सर्व्हरवर वर्डप्रेसची छान दिसणारी पानांची नावं याच फाइलवर चालतात. ती गेली की मुख्य पान उघडतं आणि आतलं प्रत्येक पान 'सापडलं नाही' म्हणतं. याच्या उलट डॉट ईएनव्ही, ज्यात डेटाबेसचे पासवर्ड असतात, आणि डॉट गिट हा फोल्डर, ज्यात गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन प्रोजेक्टचा सगळा इतिहास ठेवतं, हे दोन्ही बाहेर जाता कामा नयेत. कोडमधून पासवर्ड पुसलात तरी गिटच्या इतिहासात तो असतोच. प्रोजेक्ट गिटमध्ये असेल तर झिपच्या खटाटोपात पडूच नका. गिट आर्काइव्ह ही आज्ञा फक्त नोंदवलेल्या फायलींचीच झिप करून देते. सबमिशन करणाऱ्या मुलांना माझं एवढंच सांगणं असतं.

विंडोजवाले हसू नका

विंडोजचाही स्वतःचा कचरा आहे. डेस्कटॉप डॉट आयएनआयमध्ये फोल्डरचा आयकॉन वगैरे असतो. थंब्स डॉट डीबी ही एक्सपीच्या काळातली, फोटोंच्या छोट्या प्रतिमा साठवणारी फाइल. व्हिस्टापासून विंडोज त्या एका मध्यवर्ती जागी ठेवतं, पण ऑफिसच्या नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये ती अजूनही उगवते. आतल्या प्रतिमा बघता येतात, अगदी मूळ फोटो उडवल्यानंतरही. या दोन्ही फायली हिडन तर असतातच, वर सिस्टिमच्याही असतात. त्यामुळे व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्सवर खूण केली तरी दिसत नाहीत. फोल्डर ऑप्शन्समधली 'संरक्षित सिस्टिम फायली लपवा' ही खूणही काढावी लागते. मॅकवर त्या मानाने सोपं आहे: फाइंडरमध्ये शिफ्ट, कमांड आणि डॉट एकदम दाबा.

मला जास्त खटकतात त्या कुलूप-फायली. वर्डची फाइल उघडी असताना तिच्या शेजारी लाटचिन्ह (~) आणि डॉलरने सुरू होणारी एक छुपी फाइल असते, आणि ती उघडणाऱ्याचं नाव तिच्यात लिहिलेलं असतं. लिब्रेऑफिसही तसंच करतं. पानं मांडण्याच्या इनडिझाइन प्रोग्रॅमची कुलूप-फाइल आयडीएलके या अक्षरांनी संपते. ही सगळी फाइल बंद केली की आपोआप जाते. म्हणजे उपाय फुकटचा आहे: झिप करण्याआधी सगळं बंद करा.

वगळण्याची सोय आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणाऱ्या प्रोग्रॅममध्येच आहे. चाळीस दिवसांच्या ट्रायलवर वर्षानुवर्षं चालणारं विनरार. त्यात झिप करताना फाइल्स या टॅबवर वगळायच्या नावांसाठी एक चौकट असते. सेव्हन-झिपमध्ये आज्ञेला डॅश, एक्स, आर, उद्गारचिन्ह आणि लगेच फाइलचं नाव जोडायचं. पॉवरशेलची (विंडोजमधली आज्ञा देण्याची सोय) कॉम्प्रेस-आर्काइव्ह ही आज्ञा छुप्या फायली घेतच नाही, आपण सांगितलं नसलं तरी. सोयीचं आहे, पण एखादी छुपी फाइल हवी असेल तर ती गेल्याचं कळतही नाही.

प्रेसवाल्या दादांसाठी एक युक्ती. आलेली झिप सेव्हन-झिपमध्ये उघडा, मॅकओएसएक्स फोल्डर निवडून थेट डिलीट करा. मग व्ह्यूमध्ये फ्लॅट व्ह्यू लावा. सगळ्या उपफोल्डरांतल्या फायली एकाच लांब यादीत येतात. नावावर क्लिक करून क्रम लावला की सगळ्या डीएस स्टोअर एकाखाली एक उभ्या राहतात. एकदम निवडा आणि उडवा. डिझायनरला फोन करायचं कारण उरत नाही.

लिनक्स सर्व्हरवर टार (झिपसारखीच बांधलेली फाइल) पाठवणाऱ्यांनी मॅकवर आज्ञेच्या आधी कॉपीफाइल-डिसेबल (सगळी कॅपिटल अक्षरं, मधे अंडरस्कोर), बरोबरचं चिन्ह आणि एक असं लिहावं, म्हणजे डॉट-अंडरस्कोरच्या फायली बनत नाहीत. डीएस स्टोअर मात्र एक्सक्लूड देऊन वेगळी काढावी लागते.

ई-बुक आणि मराठी नावं

अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांकडेही आता ईपब (ई-बुकचा फाइल-प्रकार) हा शब्द सर्रास ऐकू येतो. ईपब म्हणजे नाव बदललेली झिपच, फक्त नियम कडक. पहिली फाइल माइमटाइप हीच हवी, ती कॉम्प्रेस न करता ठेवलेली हवी, तिच्यात २० अक्षरांची एकच ठरलेली ओळ हवी, आणि तिच्या नोंदीला जादा माहिती चिकटलेली नको. म्हणून ईपब हाताने बांधताना माइमटाइप आधी एकटी घालायची, कॅपिटल एक्स आणि शून्य देऊन, आणि बाकीचं नंतर. फाइंडरने झिप करून नाव बदललं की यातला एकेक नियम मोडतो, वर डीएस स्टोअरसारखी, ई-बुकच्या फायलींच्या यादीत न नोंदवलेली फाइल सापडली की तपासणारा प्रोग्रॅम तक्रार करू शकतो. दोन अक्षरं दुरुस्त करायला ईपब उघडून परत बांधणाऱ्यांचं इथेच बिनसतं.

शेवटी आपल्या लिपीचा प्रश्न, जो इंग्रजी मदतपानांवर सहसा सापडत नाही. झिपमधलं नाव यूटीएफ-८मध्ये आहे हे सांगणारी एक खूण असते. मॅकचं फाइंडर नावं यूटीएफ-८मध्ये लिहितं पण ती खूण करत नाही, त्यामुळे 'मुखपृष्ठ' हे नाव विंडोजवर अगम्य चिन्हांची माळ होऊन येतं. आतली फाइल ठीक असते. सेव्हन-झिपने आज्ञा देऊन उलगडताना डॅश, एमसीपी, बरोबरचं चिन्ह आणि ६५००१ असं जोडलं तर नाव नीट येतं.

दुसरी अडचण त्याहून चिवट आहे. ऱ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे लिहिता येतं: एक अखंड, किंवा र आणि त्याखाली नुक्ता (अक्षराखालचं टिंब). दिसायला तंतोतंत सारखं. पण पहिल्याचे यूटीएफ-८मध्ये तीन बाइट होतात, दुसऱ्याचे सहा. मॅकची डिस्कवर फायली ठेवण्याची जुनी एचएफएस प्लस पद्धत नाव साठवताना ऱ तोडून दोन तुकडे करत असे. त्यामुळे 'दुसऱ्या पानाचा फोटो' ही फाइल जुन्या मॅकवरून झिप होऊन विंडोजवर आली, की नावात ऱ टाइप करून शोधल्यावर सापडत नाही, आणि इनडिझाइन लिंक तुटली म्हणतं. डोळ्यांना नाव बरोबरच दिसत असतं, त्यामुळे दोष शोधणाऱ्याची अक्षरशः दमछाक होते.

छापखान्यात जाणाऱ्या फायलींची नावं म्हणून रोमनमध्येच ठेवावीत: लहान अक्षरं, आकडे आणि मधे अंडरस्कोर. अंकाच्या आत मराठी कितीही शुद्ध असू द्या.